बैल गेल्यावर झोपा



कायदा कोण करतो? पोराच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात उत्तर सोपे आहे. देशाचा कायदा संसद करते, राज्याचा विधिमंडळ करते. लोक मते देतात, निवडून गेलेले बोलतात, भांडतात, हात वर करतात आणि कायदा होतो. परीक्षेत एवढे लिहिले की गुण मिळतात. पण तुमच्या-आमच्या कापसाचा, तुरीचा, ज्वारीचा भाव गेल्या सत्तर वर्षांत ज्या कागदांनी पाडला, त्यांतले बहुतेक कागद या वाटेने आलेलेच नाहीत. ते आले राजपत्रातून. पान-दीड पानाचा मजकूर, 'जनहितार्थ आवश्यक' असे एक वाक्य, आणि खाली दिल्लीतल्या कुणा सचिवाची सही. त्या कागदाला अधिसूचना म्हणा, आदेश म्हणा, नियम म्हणा. राज्यघटनेच्या १३ व्या कलमाने आदेश आणि अधिसूचनासुद्धा 'कायदा' या शब्दात धरल्या आहेत. मोडला तर शिक्षा कायदा मोडल्याचीच होते. केला मात्र तो आपण निवडून दिलेल्या कुणीच नाही.

या अंकात आम्ही भावाचे गणित मांडत नाही. ते तुम्हाला आमच्यापेक्षा चांगले येते. भाव पाडणाऱ्या हुकमावर आपल्या खासदाराचे कधी बोट तरी लागते का, आणि लागत नसेल तर का लागत नाही, एवढेच विचारायचे आहे.

२०२५ चा पावसाळा आठवा. कापसावर ११ टक्के आयातशुल्क होते. ते २०२१ च्या अर्थसंकल्पात आले होते. अर्थसंकल्पावर दोन्ही सभागृहांत चर्चा होते, म्हणजे हे शुल्क निदान उजेडात बसवले गेले. १८ ऑगस्ट २०२५ ला अर्थ मंत्रालयाने एक अधिसूचना काढली. दुसऱ्या दिवसापासून ३० सप्टेंबरपर्यंत कापसावरचे आयातशुल्क माफ. बोंडे अजून हिरवी होती. दहा दिवसांनी, २८ ऑगस्टला दुसरी अधिसूचना निघाली आणि माफीची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. त्या वर्षी दसरा २ ऑक्टोबरला होता. आपल्या कोरडवाहू रानात पहिली वेचणी दसऱ्याच्या आगेमागे सुरू होते आणि घरात पैसा लागतो म्हणून पहिल्या दोन वेचण्यांचा कापूस दिवाळीच्या मागेपुढे विकावाच लागतो. विकण्याचे नेमके हेच तीन महिने परदेशी रुईला दार सताड उघडे. ज्याला थांबता येते त्याला १ जानेवारी दिसते. ज्याचे कृषी केंद्राचे देणे बाकी आहे त्याने काय करायचे?

सरकारचे म्हणणे होते की कापड गिरण्यांना माल कमी पडतो, कपड्याच्या निर्यातदारांना परदेशात अडचण आली आहे. त्याच २७ ऑगस्टपासून अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावले होते, हे खरे. गिरणीवाल्याची अडचण खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. पण त्याची अडचण कुणाच्या खिशातून भागवायची, हा निर्णय कुणी घ्यायचा? ज्या सभागृहात गिरणीवाल्याचा माणूसही बसतो आणि यवतमाळ, अकोला, परभणी, बीडचा माणूसही बसतो, तिथे तो व्हायला हवा होता.

आता तारखा जुळवून पाहा. त्या साली संसदेचे पावसाळी अधिवेशन २१ ऑगस्टला संपले. पहिली अधिसूचना निघाली तेव्हा सभागृह उठायला तीन दिवस होते. दुसरी निघाली तेव्हा सभागृह उठून आठवडा झाला होता. पुढचे अधिवेशन १ डिसेंबरला भरले आणि १९ डिसेंबरला संपले. सीमाशुल्काच्या १९६२ च्या कायद्यात लिहिले आहे की अशी अधिसूचना संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे अधिवेशन चालू असताना एकूण ३० दिवस ठेवावी. दोन्ही सभागृहांना वाटले तर ती बदलता येते किंवा रद्द करता येते. करा हिशेब. पहिली अधिसूचना निघाली त्याच दिवशी पटलावर ठेवली असे धरले तरी ऑगस्टचे चार दिवस आणि डिसेंबरचे एकोणीस दिवस मिळून तेवीस होतात. तीस दिवस भरायच्या आतच ३१ डिसेंबर उजाडतो आणि माफीची मुदत आपोआप संपते. म्हणजे सभागृहाला ज्यावर विचार करायचा तो हुकूम, विचाराची मुदत संपण्याआधीच आपले काम उरकून मोकळा. आपल्याकडे याला बैल गेला आणि झोपा केला म्हणतात. इथे तर झोपा करायलाही कुणी उठले नाही.

आणि समजा, कुणी उठले असते, दोन्ही सभागृहांनी ती माफी रद्द केली असती, तरी? कायद्याचे पुढचे वाक्य असे आहे की रद्द होण्यापूर्वी त्या हुकमाखाली जे झाले ते झालेच. बंदरात उतरलेली गाठ परत जहाजावर चढत नाही. पडलेल्या भावात विकलेला कापूस परत घरात येत नाही.

हे एकदाच घडले असते तर योगायोग म्हणून सोडून दिले असते. २०२२ साली संसदेचे अर्थसंकल्पी अधिवेशन ७ एप्रिलला संपले. १३ एप्रिलला अधिसूचना निघाली आणि १४ एप्रिलपासून कापसाचे आयातशुल्क माफ झाले, आधी सप्टेंबरअखेर, मग ऑक्टोबरअखेर. त्याआधी २०१२ साली, ५ मार्चला, केंद्रातल्या तेव्हाच्या सरकारने कापसाची निर्यात तडकाफडकी बंद केली. संसद भरणार होती १२ मार्चला. सात दिवस थांबवले नाही. त्या वेळचे कृषिमंत्री शरद पवार यांनी आपल्याला विचारलेच नाही असे जाहीरपणे सांगितले. बघा, देशाचा कृषिमंत्री, मंत्रिमंडळात बसणारा माणूस, त्याला कापसाची निर्यात बंद झाल्याचे नंतर कळते! मग आपल्या खासदाराची काय कथा? ओरड झाल्यावर आठवड्याच्या आत बंदी ढिली केली, पण आधी नोंदलेल्या सौद्यांपुरती. नव्या सौद्यांची वाट मोकळी करायला एप्रिल संपला. तोवर ज्याला विकणे भाग होते त्याचा कापूस विकून झाला होता.

मुहूर्त बघूनच हे हुकूम काढतात असा आरोप आम्ही करत नाही. कांद्याची निर्यातबंदी ७ डिसेंबर २०२३ ला निघाली तेव्हा संसदेचे अधिवेशन ऐन भरात होते. सभागृह चालू असो की बंद, हुकूम काढणाऱ्याला फरक पडत नाही. त्याला तिकडे बघायची गरजच वाटत नाही. मुहूर्त बघून केले असते तर निदान भीती तरी आहे असे म्हणता आले असते.

आता 'पटलावर ठेवणे' म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण सगळी फसगत याच शब्दात आहे. प्रश्नोत्तराचा तास संपला की मंत्री उभे राहतात आणि 'अमुक कागद सभागृहाच्या पटलावर ठेवतो' असे म्हणून खाली बसतात. कागदांचा गठ्ठा असतो. त्यात महामंडळांचे अहवाल असतात, हिशेब असतात, आणि त्यातच कुठेतरी आपल्या कापसाचा कागद असतो. चर्चा नाही, मतदान नाही. एखाद्या खासदाराला खटकलेच तर त्याने स्वतः प्रस्ताव द्यायचा, त्याला वेळ मिळवायचा, आणि मग दोन्ही सभागृहांनी होकार द्यायचा. गप्प बसले तर हुकूम पक्का. म्हणजे न बोलणे हीच मंजुरी. जुन्या काळी सावकाराच्या वहीवर अंगठा तरी घेत. इथे अंगठ्याचीही गरज नाही.

एवढेसुद्धा ज्यात नाही असा एक कायदा आहे, आणि तो आपला सर्वांत जुना ओळखीचा आहे. जीवनावश्यक वस्तूंचा १९५५ चा कायदा. त्याच्या तिसऱ्या कलमात म्हटले आहे की केंद्र सरकारला 'आवश्यक किंवा इष्ट' वाटले तर ते उत्पादन, पुरवठा, वाटप, व्यापार या सगळ्यांवर हुकूम काढू शकते. हेतू काय, तर पुरवठा टिकवणे आणि माल रास्त भावात मिळणे. मिळणे कुणाला? घेणाऱ्याला. पिकवणाऱ्याला काय मिळावे याचा त्या वाक्यात पत्ता नाही. आणि सभागृहाचे काय? त्याच कलमाच्या सहाव्या पोटकलमात एवढेच आहे की असा हुकूम काढल्यानंतर 'शक्य तितक्या लवकर' दोन्ही सभागृहांपुढे ठेवावा. तीस दिवस नाहीत, दुरुस्ती नाही, रद्द करणे नाही. नुसता ठेवावा. हेही केंद्राच्या हुकमापुरते. राज्य सरकारने त्याच कायद्याखाली मिळालेल्या अधिकारात काढलेल्या हुकमाबद्दल त्या पोटकलमात अक्षर नाही.

बरे, ठेवलाच नाही तर? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता. हरियाणातल्या एका सायकल कारखान्यावर लोखंडी पत्रे नियंत्रित भावापेक्षा चढ्या दराने घेतल्याचा खटला होता. कारखान्याने म्हटले की भाव ठरवणारी अधिसूचना संसदेपुढे ठेवलेलीच नाही, मग ती लागू कशी? 'अॅटलस सायकल विरुद्ध हरियाणा राज्य' हा निवाडा १९७९ च्या निवाडा-संग्रहात छापलेला आहे. न्यायालयाने सांगितले की पटलावर ठेवण्याचे ते कलम मार्गदर्शनापुरते आहे, बंधनकारक नाही. ठेवला नाही म्हणून हुकूम रद्द होत नाही. आम्ही न्यायालयाला दोष देत नाही. संसदेने स्वतःच कलम इतके पोकळ लिहिले की त्यात न्यायालयाला दुसरे काय सापडणार? पण शेतकऱ्याच्या बाजूने बघा. या कायद्याखालचा हुकूम मोडणाऱ्याला तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, जिल्हाधिकारी माल जप्त करू शकतो. आणि सरकारने तो हुकूम संसदेला दाखवलाच नाही तर सरकारला काहीच होत नाही.

ही सवय कुठून लागली? दुसऱ्या महायुद्धातून. इंग्रज सरकारने भारत संरक्षण नियमांखाली धान्य, कापड, लोखंड सगळ्यावर नियंत्रणे आणली. युद्ध संपले. १९४६ साली ती नियंत्रणे चालू ठेवायला एक कायदा झाला, त्याच्या नावातच 'तात्पुरते अधिकार' असे शब्द होते. त्या तात्पुरत्या कायद्याला मुदतवाढी मिळत गेल्या, आणि १९५५ साली त्याच्या जागी कायमचा कायदा आला. शेतकऱ्याच्या बाबतीत तात्पुरते किती टिकते याचा हा दाखला. त्या तात्पुरत्या काळात, नोव्हेंबर १९४८ मध्ये, मुंबईहून कानपूरला निघालेल्या एका जोडप्याला इटारसी स्टेशनात पकडले. गुन्हा काय? परवाना नसताना सहा मणांहून जास्त नवे सुती कापड बरोबर नेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९५४ साली न्यायालयाने सरकारचा हुकूम काढण्याचा अधिकार उचलून धरला. सभागृहाने धोरणाचे एक वाक्य सांगितले की बाकीचे सरकारने भरायचे, ही वाट तिथे रुळली.

त्याच वाटेने पुढे ज्वारीची लेव्ही आली. आपल्यातल्या जुन्या माणसांना विचारा. साठ-सत्तरच्या दशकांत जिल्ह्याच्या नाक्यावर ज्वारीची गाडी अडवली जायची, घरी खायला ठेवलेली पोती मोजली जायची. कापसाची एकाधिकार खरेदी निदान १९७१ साली विधिमंडळाने केलेल्या कायद्याने आली. ती बरी की वाईट यावर आपण पुष्कळ बोललो आहोत. पण तिच्यासाठी कुणाला मत द्यायचे, कुणाला पाडायचे हे तरी कळत होते. ज्वारीच्या हुकमाला धरायला चेहराच नव्हता. १९७६ साली, आणीबाणीत, चाळिसाव्या घटनादुरुस्तीने जीवनावश्यक वस्तूंचा कायदा घटनेच्या नवव्या परिशिष्टात नेऊन बसवला. मूलभूत हक्कांवर घाला येतो अशी तक्रार घेऊन न्यायालयात जाण्याची वाटही त्याने अरुंद केली. सभागृह बघणार नाही, न्यायालयाने बघू नये, मग बघणार कोण?

२००६ च्या दुरुस्तीने यादी आखूड झाली आणि कापूस तिच्यातून सुटला. पण कापसाचे बियाणे डिसेंबर २००९ मध्ये पुन्हा आत घेतले, तेही अधिसूचनेनेच. ज्वारी आणि तूर खाद्यवस्तू म्हणून अजून आतच आहेत. २ जुलै २०२१ ला डाळींवर साठ्याची मर्यादा घातली, संसद भरायची होती १९ जुलैला. २ जून २०२३ ला तूर आणि उडदावर पुन्हा मर्यादा आली, घाऊक व्यापाऱ्याला एका डाळीची २०० टन. जूनमध्ये आपल्या घरात तूर नसते, हे खरे. पण ज्या व्यापाऱ्याचा हात जूनमध्ये पोळला, तो पुढच्या फेब्रुवारीत आपली तूर भरताना हात आखडता घेतो. याच तुरीची आयात १५ मे २०२१ ला एका अधिसूचनेने खुली झाली आणि मग त्या खुलीकरणाची मुदत वर्षागणिक वाढत गेली. प्रत्येक वाढ एका कागदाने. सभागृहात तुरीवर मतदान झाल्याचे तुम्ही कधी ऐकले का?

आमचे काही मित्र म्हणतात, हुकूम आपल्या फायद्याचेही निघतात, ते विसरू नका. विसरत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने कापूस बियाण्याच्या दराचे नियंत्रण करणारा आदेश याच १९५५ च्या कायद्याखाली काढला आणि पुढच्या हंगामात बीटी बियाण्याची पिशवी ८०० रुपयांवर आली. स्वस्त पिशवी कुणाला नको? पण त्या आदेशाने नवे वाण आणणाऱ्या कंपन्यांनी हात आखडला की नाही, आपल्या बोंडअळीला तोड देणारे पुढचे बियाणे त्यामुळे लांबले की नाही, यावर आपल्यातच दोन मते आहेत. दोन मते आहेत म्हणूनच तर ते सभागृहात बोलले जायला हवे. सवलतही हुकमाने आली की ती हुकमानेच जाते. मालकाने खुशीत दिलेल्या पोशाखावर गड्याचा हक्क नसतो.

आता सगळ्यात मोठी गंमत. सरकारी पक्ष नेहमी सांगतो की बाजार वेगाने फिरतो, सभागृहाची वाट बघत बसलो तर देश बुडेल, आणि प्रत्येक हुकमाला संसदेची मंजुरी घेणे व्यवहारात शक्य नाही. शक्य नाही? अहो, त्यांच्याच कायद्यात ते लिहून ठेवले आहे! सीमाशुल्क दराच्या १९७५ च्या कायद्याचे सातवे आणि आठवे कलम काढून वाचा. सरकारला तातडीने आयातशुल्क वाढवायचे असेल किंवा निर्यातीवर शुल्क बसवायचे असेल तर अधिसूचना काढता येते, ती लगेच लागू होते. पण संसद चालू असेल तर ती शक्य तितक्या लवकर आणि चालू नसेल तर पुन्हा भरल्यावर सात दिवसांत पटलावर ठेवावी लागते, आणि ठेवल्यापासून पंधरा दिवसांच्या आत सरकारला स्वतः ठराव मांडून मंजुरी मागावी लागते. खासदाराने प्रस्ताव शोधत फिरायचे नाही, सरकारने येऊन हात जोडायचे.

आता दोन्ही शेजारी ठेवा. शुल्क वाढवायचे तर सभागृहाची मंजुरी लागते, तेच शुल्क माफ करायचे तर लागत नाही. निर्यातीवर शुल्क बसवायचे तर मंजुरी लागते, निर्यात पार बंद करायची तर लागत नाही. कारण उघड आहे. कर हा कायद्याशिवाय घेता येत नाही असे घटनेचे २६५ वे कलम सांगते. कर भरणाऱ्याच्या खिशाला हात लावायचा तर सभागृहाला विचारा. शेतकऱ्याच्या तराजूतून तेवढाच रुपया काढायचा असेल तर त्याला कर म्हणत नाहीत, म्हणून विचारायला नको. क्विंटलमागे भाव पाडला काय आणि क्विंटलमागे पट्टी बसवली काय, कापूस घेऊन गेलेल्या माणसाच्या हातात पडणारे पैसे सारखेच कमी होतात.

याहून साधी तुलना हवी तर राष्ट्रपतींच्या अध्यादेशाची घ्या. संसद चालू नसताना राष्ट्रपती अध्यादेश काढतात. देशाचे सर्वोच्च पद. पण घटनेचे १२३ वे कलम सांगते की संसद पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत तो मंजूर झाला नाही तर आपोआप मरतो. राष्ट्रपतींची सही सहा आठवड्यांत मरते आणि मंत्रालयातल्या सचिवाची सही मरत नाही. हे कोणत्या हिशेबात बसते ते आम्हाला कुणी समजावून सांगावे.

अमेरिकेचे उदाहरण हल्ली फार दिले जाते, म्हणून तेही सांगून टाकतो. तिथे १९९६ साली कायदा झाला की सरकारी यंत्रणांचा मोठा नियम, म्हणजे वर्षाला दहा कोटी डॉलर किंवा अधिक परिणाम करणारा, सहसा काँग्रेसपुढे गेल्यावर साठ दिवस लागू करायचा नाही, आणि काँग्रेसला तो ठराव करून पाडता यावा. पण पाडायला राष्ट्राध्यक्षाची सहीही लागते. परिणाम असा की २०१६ पर्यंत या वाटेने एकच नियम पडला, २००१ साली. 'नापसंत असेल तर रद्द करा' हा अधिकार तिथेही गंजत पडला. म्हणून 'मंजूर केल्याशिवाय मोठा नियम लागूच नको' अशी सूचना तिथल्या खालच्या सभागृहाने २०११ पासून अनेकदा मंजूर केली, पण वरच्या सभागृहात ती अडकली. तिथे ही सूचना रेटणाऱ्यांत कारखानदारांचा भरणा मोठा आहे, त्यांना धुराचे आणि सांडपाण्याचे नियम नको आहेत. त्यांची वकिली आम्हाला करायची नाही. आमची मागणी त्याहून लहान आहे: तातडी असेल तर हुकूम आज लागू करा, पण सभागृहाचा होकार मिळाला नाही तर तो संपू द्या.

संसदेत पहारेकरी अगदी नाही असे नाही. लोकसभेची अधीनस्थ विधान समिती डिसेंबर १९५३ मध्ये, गणेश वासुदेव मावळंकर अध्यक्ष असताना, प्रथम नेमली गेली. पंधरा खासदार, मंत्र्याला सभासद होता येत नाही. सरकारने काढलेला नियम मूळ कायद्याच्या चौकटीत बसतो की नाही, हे ती तपासते. काम चांगले आहे. पण कापसाची आयात खुली करणे शहाणपणाचे होते का, हा तिचा प्रश्न नाही. चौकटीत बसले की झाले. आणि चौकटच इतकी मोठी करून ठेवली आहे की तिच्यातून बैलगाडी उलटी वळवून नेता येईल. शिवाय समिती बघते ती नंतर, आणि सांगते ती शिफारस.

आमच्या मागणीवर एक आक्षेप आहे तो आम्ही लपवत नाही. सत्ताधाऱ्यांकडे बहुमत असते, १९८५ पासून पक्षांतरबंदीचा कायदा आहे, पक्षादेश निघाला की खासदार निमूट हात वर करतो. २९ नोव्हेंबर २०२१ ला कृषी कायदे रद्द करणारे विधेयक दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी चर्चेविना मंजूर झाले. त्या कायद्यांबद्दल आपल्यात मतभेद होते, ते बाजूला ठेवा. देशाच्या शेतीवर चर्चा न करता हात वर करणारे सभागृह कापसाच्या अधिसूचनेवर काय उजेड पाडणार? आक्षेप खरा आहे. ठराव मांडला तर बहुतेक वेळा तो मंजूरच होईल. पण आज काय होते ते बघा. आपला खासदार, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, गावात येऊन सांगतो की निर्णय मंत्रालयाचा, मला तर पेपरात कळले. आणि गंमत म्हणजे तो खरे बोलत असतो. ठराव आला, मत मोजले गेले, की हे वाक्य त्याच्या तोंडून जाते. मग त्याने हात वर केला की खाली ठेवला, की त्या दिवशी सभागृहात आलाच नाही, हे आपल्याला नावानिशी विचारता येईल.

तेव्हा जिल्हा बैठकीत ठराव एकच घ्यावा असे आम्ही सुचवतो. शेतमालाची आयात, निर्यात, साठा, वाहतूक किंवा भाव यांवर परिणाम करणारा केंद्राचा कोणताही हुकूम, सभागृह चालू असेल तर पंधरा दिवसांत आणि बंद असेल तर ते भरल्यापासून पंधरा दिवसांत, ठरावाने मंजूर झाला नाही तर त्या दिवसापासून संपला. त्या हुकमाची मुदत वाढवायची असेल तर पुन्हा ठराव. राज्याच्या हुकमाला विधानसभेत हाच नियम. शब्द नवे शोधायला नकोत. १९७५ च्या कायद्याच्या सातव्या कलमातले घ्यावेत आणि जिथे 'शुल्क वाढ' आहे तिथे 'माफी, बंदी आणि साठामर्यादा' घालावी.

खासदाराला भेटायला जाताना मोकळ्या हाताने जाऊ नका, आणि निवेदन देऊन फोटो काढून परत येऊ नका. त्याला तीन गोष्टी लेखी विचारा. १८ आणि २८ ऑगस्ट २०२५ च्या दोन्ही अधिसूचना सभागृहाच्या पटलावर कोणत्या तारखेला आल्या? त्या तारखेला तुम्ही सभागृहात हजर होता का? त्या बदलण्यासाठी प्रस्ताव दिला होता का, आणि नसेल तर का नाही? उत्तरावर सही घ्या. गावागावांतून ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ मधल्या कापूस विक्रीच्या पावत्या जमा करा. खेडा खरेदीत पावती मिळाली नसेल तर तारीख, वजन आणि भाव वहीत लिहून आणा. त्या वह्या आणि खासदारांची उत्तरे आपण एकाच टेबलावर, शेजारी शेजारी ठेवणार आहोत.